टायसनच असेल

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट, आणि खरं तर गोष्ट म्हणावं असं काही घडलंसुद्धा नाही. किसननगरला मामाकडे जेवायला गेलो होतो, मी, माझा मुलगा आणि आई. मामीनं मटण केलं होतं, वडे तळून होतील तसे पानात पडत होते, आणि माझ्या मुलानं रस्सा ओरपता ओरपता विषय काढला, की मामाआजोबा, टायसन त्याच्या प्राइममध्ये असता ना तर अलीबिली कोण टिकलंच नसतं, दोन राउंडमध्ये खेळ खल्लास. तो सतरा वर्षांचा आहे, घोडबंदर रोडच्या एका जिममध्ये वर्षभर बॉक्सिंगला जातोय, रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर जुन्या फाइट्स बघत पडलेला असतो. त्यानं ते वाक्य टाकलं आणि माझा घास हातातच राहिला. आईनं मामाकडे बघितलं. मामी तर झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली, कारण आमच्या घरात असलं वाक्य बोलून आजवर कुणी सुटलेलं नाही. आता मामा ताट बाजूला सारणार, डावा हात वर करणार, एकाहत्तर सालापासून सुरुवात करणार आणि भात गार होईपर्यंत थांबणार नाही, हे आम्हा तिघींनाही पाठ होतं.

मामानं हाडूक ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाला, "असेल बाबा. टायसनच असेल." मग मामीला म्हणाला, "भात आण गं थोडा."

बस्स. एवढंच.

मुलगा खूश झाला, त्याला काय, तो जिंकला. पण मला परत येताना रिक्षात कसंतरीच होत होतं. तीन हात नाक्याला सिग्नलला थांबलो, मग मेट्रोच्या खांबांखालून ते नेहमीचं मुंगीच्या पावलानं जाणं, आई डुलक्या काढतेय, मुलाच्या कानात हेडफोन, आणि माझ्या डोक्यात एकच, की हा "असेल" म्हणालाच कसा. माझ्या उभ्या आयुष्यात मी मामाला या विषयावर माघार घेताना बघितलेलं नाही. पगारावरून घेतली, जागेवरून घेतली, भावकीतल्या जमिनीवरून तर सरळ सोडूनच दिलं सगळं. फ्रेझरवरून कधी नाही.

हो, फ्रेझर. आमच्या मामाचा माणूस अली नाही. अली सगळ्यांचाच असतो. माझे बाबा अलीचे होते. समोरच्या खोलीतले एक काका गोदीत कामाला होते, त्यांनी लढाईच्या काळात अमेरिकन सोल्जर लोकांकडून जो लुईसचं नाव ऐकलेलं, ते मरेपर्यंत जो लुईसचे राहिले. बारा वर्षं चॅम्पियन, पंचवीस वेळा पट्टा राखला, तुमचा कोण आहे असा, म्हणायचे. आणि ते खरंच आहे, हेवीवेटमध्ये ते पंचवीस आजही कुणाला गाठता आलेले नाहीत. मामा मात्र जो फ्रेझरचा. या तिघांचं रविवारी संध्याकाळी चाळीच्या कॉमन गॅलरीत जे चालायचं त्याला वाद म्हणायचं की भांडण ते मला लहानपणी कळायचं नाही. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं आता हाणामारी होणार. मग कुणीतरी चहा आणायचं.

एकाहत्तर साली मामा एकवीस वर्षांचा, नुकताच वागळे इस्टेटमध्ये लेथवर लागलेला. मार्चचा पहिला आठवडा होता, देशात निवडणुकीचं मतदान चाललेलं आणि तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरची टीम सोबर्सच्या वेस्ट इंडिजशी टेस्ट खेळत होती, गावसकर नावाचं पोरगं पहिलीच टेस्ट खेळतंय आणि सरदेसाईनं सेंच्युरी मारलेली. शिफ्टमध्ये, लोकलमध्ये, न्हाव्याच्या दुकानात दुसरा विषयच नाही. त्याच दिवसांत, ८ मार्च १९७१ च्या रात्री, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली आणि फ्रेझर उभे राहिले, दोघंही तोपर्यंत एकही लढत न हरलेले, दोघांना प्रत्येकी पंचवीस लाख डॉलर. मामा सांगतो की मी कँटीनमध्ये विचारत फिरत होतो, त्या फाइटचं काय झालं, आणि लोक म्हणायचे कुठली फाइट, स्कोअर विचार. शेवटी कुठल्यातरी इंग्रजी पेपरात त्याला फोटो सापडला. अली पाठीवर पडलेला, पाय वर, बुटांच्या लोंब्या हवेत उडालेल्या. पंधराव्या राउंडमधला फ्रेझरचा डावा हुक. तो पेपर कँटीनवाल्यानं भजी बांधायला घेतलेला होता, मामानं तो मागून आणला. तेलाचा डाग अलीच्या गुडघ्यावर आहे. मी बघितलाय, ट्रंकेत आहे अजून, घडीवर फाटलाय.

तो कागद समोर धरून मामा आम्हा पोरांना शिकवायचा. मी आणि माझे दोन मामेभाऊ. बिछान्यातला लोड काढायचा, मी तो पोटाशी घट्ट धरून भिंतीला टेकून उभी राहायची आणि भाऊ आळीपाळीनं त्याच्यावर ठोसे मारायचे. त्या लोडाला जुन्या कापसाचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा, प्रत्येक ठोशाला नाकात धूळ जायची. मामा मागून ओरडायचा, खाली वाक, झुलत जा, डोकं एका जागी ठेवू नको, फ्रेझर कसा झुलायचा माहितीये का, वाफेच्या इंजिनासारखा, थांबायचाच नाही. अली एक्याण्णव इंच, म्हणजे त्याचा हात केवढा लांब बघा, असं काहीतरी आकडे तो चुकीचे सांगायचा आणि बाबा पलंगावरून ते दुरुस्त करायचे, की अरे सहा फूट तीन इंच उंची आहे त्याची, हात कुठे एक्याण्णव इंच. पण मुद्दा बरोबर होता मामाचा. फ्रेझर सहा फुटाला कमीच भरायचा. लांब हाताच्या माणसासमोर आखूड हाताच्या माणसाला मार खात खात आतच शिरावं लागतं, दुसरा रस्ता नसतो. तीन ठोसे खायचे तेव्हा एक मारायला मिळतो. मामा म्हणायचा, अली जिंकतो तेव्हा बघायला छान वाटतं, फ्रेझर जिंकतो तेव्हा घाम फुटतो.

बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. तो खरा अली नव्हताच. खरा अली १९६७ ला संपला.

हा बाबांचा मुद्दा मला मोठी झाल्यावर जास्त जास्त पटत गेला आणि अजूनही पटतो. नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलंड विल्यम्सबरोबरची फाइट आता कुणालाही मोबाईलवर बघता येते, तिसऱ्याच राउंडला संपली. त्यातला अली बघा. एवढा नव्वद-पंच्याण्णव किलोचा माणूस पायाचा आवाज न करता फिरतोय, मागे सरकता सरकता मारतोय, समोरच्याला आपण कुठून खातोय ते कळतच नाहीये. मी ती फाइट पहिल्यांदा बघितली तेव्हा मला एकदम पावसाळ्यात उपवन तलावावर वारा सुटतो ना, पाण्यावर शहारा इकडून तिकडे पळतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही, ते आठवलं. त्याच्यानंतर पाच महिन्यांत त्यानं व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, लायसन्स गेलं, पट्टा गेला. तेव्हा वय पंचवीस. परत रिंगमध्ये उतरला ऑक्टोबर १९७० ला, अठ्ठावीसचा होऊन. साडेतीन वर्षं. बॉक्सरच्या शरीराची जी ऐन भरातली वर्षं म्हणतात, पंचवीस ते अठ्ठावीस, नेमकी तीच. म्हणजे आपण जेव्हा म्हणतो की अली प्राइममध्ये असता तर, तेव्हा आपण अशा माणसाबद्दल बोलतोय जो कुणी बघितलेलाच नाही. परत आला तो दुसरा अली. पाय तेवढे चालत नाहीत म्हणून मार खायला शिकलेला. १९७४ ला किन्शासाला तेव्हाचा चॅम्पियन जॉर्ज फोरमनसमोर दोरांना टेकून सात राउंड अंगावर घेतले आणि आठव्याला त्याला पाडला, सगळं जग त्याला अक्कल म्हणालं, आणि ती होतीच. पण ते अंगावर घेतलेलं नंतर कुठेतरी निघालंच ना. १९८४ ला पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा तो बेचाळीसचा होता.

मामाला मात्र या साडेतीन वर्षांबद्दल वेगळंच दुखायचं. त्या काळात अलीकडे काम नव्हतं तेव्हा फ्रेझरनं त्याला पैसे दिले होते, त्याचं लायसन्स परत मिळावं म्हणून शब्द टाकला होता. आणि परत आल्यावर अलीनं त्यालाच गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं, गोरिला म्हटलं, १९७५ ला मनिलात दोघांची तिसरी फाइट झाली, तिच्या आधी तर रबराचा छोटा गोरिला खिशात घेऊन फिरायचा आणि पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारायचा. फ्रेझरची पोरं शाळेत जात होती तेव्हा. मामा हे सांगताना प्रत्येक वेळी आवाज खाली आणायचा, जसा घरातल्या कुणाचातरी अपमान सांगतोय. बाबासुद्धा इथे गप्प बसायचे. फक्त एकदा म्हणाले होते, तिकिटं खपवायला बोलायचा रे तो. मामा म्हणाला, तिकिटं खपली, पण बोललेलं राहिलं.

मग माझ्या पिढीत टायसन आला. आणि तो आला तेव्हा आमच्या गॅलरीतल्या या तिन्ही म्हाताऱ्यांचं (म्हातारे कसले, मामा तर चाळिशीचाही नव्हता) बोलणं एकदम काळंपांढरं वाटायला लागलं. नोव्हेंबर १९८६, वीस वर्षं चार महिने वय, चॅम्पियन बर्बिकला दुसऱ्या राउंडला पाडलं. बर्बिक उठायला जातो आणि पाय त्याला भलतीकडेच घेऊन जातात, पुन्हा उठतो पुन्हा पडतो, एका ठोशात तीनदा पडलेला माणूस मी त्यानंतर बघितला नाही. आणि जून १९८८ चा स्पिंक्स. माझ्या थोरल्या मामेभावानं नौपाड्यातनं कॅसेट भाड्यानं आणली होती, व्हीसीआर पण भाड्याचा, वर्गणी काढून, दहा-बारा जणं खोलीत. एक्याण्णव सेकंद. टीव्ही बंद झाला की काय असं वाटलं. मग रिवाइंड, परत लाव, परत रिवाइंड, भाड्याचे पैसे वसूल व्हायला पाहिजेत म्हणून त्या रात्री आम्ही ते एक्याण्णव सेकंद वीस वेळा तरी बघितले असतील. मी सोळा वर्षांची होते. मला तो माणूस भीतीदायक वाटला आणि त्याच्यावरून नजर हटत नव्हती, दोन्ही. झगा नाही, मोजे नाहीत, काळी चड्डी, काळे बूट, टॉवेलला भोक पाडून गळ्यात घातल्यासारखा. दोन्ही हात गालापाशी, झुलत झुलत आत शिरतो. मी मामाकडे वळून म्हणाले पण, मामा, हा तुझ्या फ्रेझरसारखाच शिरतोय की. मामा काही बोलला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, डावा कोपर उजव्या हातात धरून, आणि तिसऱ्या-चौथ्या रिवाइंडनंतर निघून गेला. मला वाटलं उद्या फर्स्ट शिफ्ट आहे म्हणून.

फेब्रुवारी १९९० ला तोच टायसन टोकियोमध्ये बस्टर डग्लससमोर दहाव्या राउंडला पडला, आणि चार पायांवर होऊन जमिनीवर माउथपीस चाचपडत होता, सापडलं तर उलटंसुलटं अर्धंच दातात धरलं आणि तसाच उठला. लास व्हेगासला टायसनच्या बाजूनं बेचाळीसला एक असा भाव होता. त्याच दिवशी मंडेला तुरुंगातून सुटला होता, पेपरात पहिल्या पानावर तोच, आणि टायसन आत खेळाच्या पानावर. थोरला मामेभाऊ दोन दिवस जेवला नाही धड. मामाला आता बोलायला आयती संधी होती, पण तो जे बोलला ते मला चांगलं लक्षात आहे. तो म्हणाला, पोराजवळ कोण नव्हतं रे कोपऱ्यात. आणि तसंच होतं. ज्या डमाटोनं त्याला घरात ठेवून घडवला तो १९८५ लाच गेला, त्याच्यानंतर सांभाळणारा केव्हिन रूनी १९८८ ला काढून टाकलेला, आणि टोकियोला कोपऱ्यातल्या माणसांकडे सुजलेल्या डोळ्यावर ठेवायची ती थंड लोखंडी पट्टीसुद्धा नव्हती, रबरी ग्लोव्हमध्ये बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. मामा लेथवाला माणूस, त्याला हे असलं दिसतं. हत्यार आणलं नाही म्हणजे कामाला मान दिला नाही.

मला कळायला लागलं तसं मी या सगळ्यांत तोंड घालायला लागले. मुलींनी बॉक्सिंगवर बोलायचं नाही असं आमच्यात कुणी म्हणत नव्हतं, फक्त कुणी विचारायचं नाही. मी विचारल्याशिवाय बोलायचे. माझं म्हणणं असं होतं आणि आहे, की ही जी आपण सगळ्यांना एका वयाचं, एका ताकदीचं करून एका रिंगमध्ये उभं करतो ना, त्यात रिंग कुणाची ते कुणी सांगतच नाही. पंधरा राउंडची की बाराची? कारण फ्रेझरनं अलीला पाडला तो पंधरावा राउंड आज शिल्लकच नाहीये. १९८२ ला डुक कू किम नावाचा कोरियन बॉक्सर चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांतच गेला, त्याच्यानंतर हळूहळू सगळीकडे बाराच राउंड झाले. झालं ते चांगलंच झालं, माणूस वाचला पाहिजे. पण मग तो जुना चॅम्पियन मार्सियानो? एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय, एकही डाग नाही, पण वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास. आजच्या नियमानं तो हेवीवेटमध्ये मोडणारच नाही, त्याला सहा फूट नऊ इंचाच्या टायसन फ्युरीसमोर (हा टायसन वेगळा, आत्ताच्या काळातला) कुठल्या न्यायानं उभा करायचा? आणि नाही करायचा म्हटलं तर उसिक आहेच, फ्युरीपेक्षा बोटभर नाही तर हातभर लहान, आणि २०२४ मध्ये त्याला दोनदा हरवलं. तेव्हा उंचीवजनाचा हिशोबपण पूर्ण खरा नाही. फोरमननं फ्रेझरला १९७३ ला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडला, अलीनं फोरमनला पाडला, आणि फ्रेझरनं अलीला हरवलं. याची उतरंड कशी लावणार, ते गोल फिरतंय.

मुलाला मी परवा मार्सियानो आणि अलीच्या त्या कॉम्प्युटर फाइटबद्दल सांगितलं तर त्याला वाटलं एआयनं केलेला व्हिडिओ असेल. १९६९ ची गोष्ट. अली बंदीत, पैशाची गरज, मार्सियानो रिटायर होऊन तेरा वर्षं झालेली. दोघांची माहिती कॉम्प्युटरला दिली, आणि कॉम्प्युटर सांगेल तसं दाखवता यावं म्हणून दोघांना मायामीतल्या एका स्टुडिओत खरंखुरं रिंगमध्ये उतरवलं, एक-एक मिनिटाचे सत्तरेक राउंड खेळवले, आणि शेवट वेगवेगळे शूट केले. मार्सियानोनं त्यासाठी वीसेक किलो वजन उतरवलं, टक्कल झाकायला टोप घातला. जानेवारी १९७० ला थेटरात दाखवलं तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या राउंडला जिंकला. युरोपात दाखवलं त्यात अली. आणि मार्सियानोला कुठलाच शेवट बघायला मिळाला नाही, त्याआधीच, १९६९ च्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी विमान पडून तो गेला, दुसऱ्या दिवशी त्याचा सेहेचाळीसावा वाढदिवस होता. मला त्या फिल्ममध्ये कोण जिंकलं याच्याशी काही घेणं नाही. मला ते दोघं शूटिंगच्या मधल्या वेळात काय बोलत असतील ते ऐकायचं असतं. एकाचं संपलेलं, एकाचं थांबवलेलं.

तर बुधवारी मी हाफ डे टाकला आणि एकटीच किसननगरला गेले. राम मारुती रोडवरून खरवस घेतला, मामाला आवडतो. मामी भजनाला गेली होती. मामा गॅलरीत खुर्चीत बसला होता, बाही वर करून डाव्या कोपराला तेल चोळत. खालच्या रस्त्यावरून रिक्षांचे हॉर्न, कुठेतरी पत्रा कापायचं मशीन चाललेलं. वागळे इस्टेटमधल्या पूर्वीच्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या बिल्डिंगी आहेत, तरी असा एखादा आवाज येतोच, आणि मामा त्या आवाजाकडे कान लावून म्हणाला, पाणी सोडत नाहीये ब्लेडवर. मी खरवस वाटीत काढून दिला आणि सरळ विचारलं, मामा, रविवारी तू टायसन का म्हणालास.

तो हसला. मग म्हणाला, "अगं खरं तेच बोललो." आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला खुर्चीत नीट बसावं लागलं. म्हणाला, फ्रेझर उशिरा तापायचा. इंजिनच ते. पहिल्या दोन राउंडमध्ये त्याला पकडला तर तो सापडायचा, बोनावेनानं १९६६ ला दुसऱ्याच राउंडला दोनदा खाली बसवला होता, फोरमननं तर काय केलं ते बघितलंच सगळ्यांनी. आणि टायसन पहिल्या घंटेलाच तापलेला. तो फ्रेझरच्याच उंचीचा, फ्रेझरसारखाच खालून येणार, पण दोन्ही हातांनी, आणि दुप्पट वेगानं. फ्रेझरला सहावा राउंड दिसला असता तर गोष्ट वेगळी, पण सहावा दिसलाच नसता. "ती कॅसेट बघितली ना आपण, स्पिंक्सची, तेव्हाच कळलं मला." मी म्हटलं, मामा, अठ्ठ्याऐंशी साल ते. सदतीस वर्षं झाली. आणि इतकी वर्षं तू भांडत होतास? तो वाटीतला खरवस चमच्यानं कापत राहिला. म्हणाला, "समोर तुझा बाप होता ना."

बाबांना जाऊन या पावसाळ्यात सहा वर्षं झाली.

मला मनिला आठवलं. चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरचा उजवा डोळा पूर्ण बंद आणि डाव्यानं त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, हे त्यानं वर्षानुवर्षं लपवलेलं. एडी फच, त्याचा ट्रेनर, त्यानं खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं, उठू दिलं नाही. फ्रेझर उठायला बघत होता. तिकडच्या कोपऱ्यात अलीचीसुद्धा हालत तीच. तिन्ही जजेसच्या कागदावर अली पुढे होता, पण पंधरावा झाला असता तर काय, हे आमच्या गॅलरीत किती संध्याकाळी चाललं असेल. पुढे २०११ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेझर लिव्हरच्या कॅन्सरनं गेला तेव्हा अली त्याच्या अंत्यविधीला आला होता, थरथरत्या हातांनी, काळा चष्मा लावून. ती बातमी बाबांनी मामाला फोन करून वाचून दाखवली होती. मी तिथेच होते. बाबा वाचत होते आणि पलीकडून काहीच आवाज नव्हता, बाबांनी दोनदा हॅलो हॅलो केलं.

मी मामाला म्हटलं, तेल मी लावते, दे. त्याचा कोपर मी जन्मापासून बघितलाय, तो सरळ होत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहिती आहे, लहानपणी गावाला गवताच्या गंजीवरून पडला, हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि वाकडाच जुळला. पोलीस भरतीला गेला तेव्हा हात समोर सरळ करा म्हटल्यावर त्याला रांगेतून बाजूला काढलं. आमच्यासाठी हा मामाच्या अंगाचाच भाग, त्याच्या मिशीसारखा. तेल चोळता चोळता मी सहज म्हटलं, दुखतो का रे अजून. तो म्हणाला, थंडीत. आणि मग, एकदम साधं काहीतरी सांगतोय तसं, "फ्रेझरचा पण दुखायचा म्हणे."

मी थांबले. फ्रेझर आठ-नऊ वर्षांचा असताना साउथ कॅरोलायनात त्यांच्या शेतावर डुक्कर मागे लागलं, पळताना पडून डावा हात मोडला, डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, तो तसाच वाकडा जुळला. पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. हुक मारायच्या कोनातच तो राहिला. ही गोष्ट मी कितीतरी ठिकाणी वाचलेली, मुलालासुद्धा सांगितलेली. आणि मामाला पहिल्यांदा कळली ती त्र्याहत्तर साली, रद्दीच्या दुकानात एका जुन्या मासिकात. "तिथंच उभं राहून वाचलं," म्हणाला. "दुकानदार ओरडला, घ्यायचंय का. घेतलं मग." बाबांना त्यानं हे कधीच सांगितलं नाही. मला वाटायचं त्याला अन्यायाची चीड आहे, फिलाडेल्फियात सिनेमातल्या रॉकी नावाच्या खोट्या बॉक्सरचा पुतळा केव्हाचा उभा आणि खऱ्या फ्रेझरचा उभा राहिला २०१५ ला, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर, या असल्या गोष्टींची चीड. ती होतीच. पण मी त्रेपन्न वर्षांची होईपर्यंत तो हात आणि हा हात शेजारी ठेवून बघितले नव्हते. दर रविवारी तो नेमका डावाच वर करायचा.

मला काय बोलावं कळेना म्हणून मी म्हटलं, मामा, दाखव ना तो हुक. म्हणाला, आता कुठे गं, गुडघे बोलतात. पण उठला. आत गेला आणि लोड घेऊन आला, तो जुना नाही, हा फोमचा, वर मामीनं भरलेली खोळ. मी सवयीनं हात पुढे केले, धरायला. तर त्यानं लोड दिलाच नाही. स्वतःच्या पोटाशी घट्ट धरला आणि गॅलरीच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

"तू मार," म्हणाला.

मी म्हटलं, मी? तो म्हणाला, "डावा. पाय मागे घे आधी. चप्पल काढ."

मी चप्पल काढली. फरशी गार होती. ओढणी कमरेला खोचली आणि मारला, आणि तो नुसता हातानं मारलेला होता, लोडाला खळी पण पडली नाही. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे काढता काढता थांबून बघायला लागली. मामानं मान हलवली. लोडाच्या वरून त्याचा चेहरा दिसत होता, घामेजलेला, डोळे एकदम लहानपणी असायचे तसे.

"कंबर फिरव," तो म्हणाला. "त्याचा नुसता हात नव्हता गं, कंबर होती. परत."